बदकाचं सूप

आई गेली त्याच हिवाळ्यात मी पप्पांना वसईहून दुबईत, अल बर्शाला घेऊन आलो. रिकामं घर त्यांना खायला उठत होतं. इथे नातीच्या सोबतीने दोन घास जास्त जातील, असं आम्हाला वाटलं होतं. पण पप्पा ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि पोट भरलं म्हणून उठायचे. आईचं नाव ते काढत नसत, आणि त्यांच्यासमोर आम्हीही टाळत होतो.

एका शनिवारी त्यांना चपला घ्यायला मॉलमध्ये नेलं. मुलगीही बरोबर होती. परतताना पप्पा दमले, म्हणून मागच्या गल्लीतल्या एका छोट्या चिनी हॉटेलात शिरलो. पाच-सहा टेबलं, भिंतीवर पदार्थांचे रंग उडालेले फोटो. मालकीणच रांधायची, मालकीणच वाढायची. मला वाटलं, पप्पा नुसता चहा घेतील. पण ते एका फोटोसमोर थबकले.

“हे बदक आहे का रे?”

मी हो म्हणालो, तसे ते खुर्ची ओढून बसले.

मोठ्या वाडग्यात काळपट, वाफाळता रस्सा आला. त्यात नूडल्स, हिरवी पानं आणि वर बदकाची तंगडी. पप्पांना चॉपस्टिक्स जमेनात. मालकिणीने ते पाहिलं, आतून कात्री आणली आणि न विचारताच बदकाचं मांस आणि नूडल्स कापून दिल्या. हातात चमचा ठेवत म्हणाली, “पापा, खाओ.”

पप्पांनी एक घोट घेतला, मग दुसरा. चक्रीफूल घातलंय, असं म्हणाले. अर्धा वाडगा संपल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

“तुझ्या आईने बदक कधी खाल्लं नाही, ठाऊक आहे तुला?”

मला ठाऊक नव्हतं. नाताळला आमच्याकडे घरी पाळलेल्या बदकाचंच कालवण असायचं, आणि ते आईच करायची.

“वर्षभर स्वतःच्या हाताने दाणे घालायची त्यांना,” पप्पा म्हणाले. “मग घशाखाली कसं उतरणार? तुम्हा पोरांना कळू नये म्हणून सगळ्यांच्या मागून जेवायची. मी तिच्यासाठी दोन अंडी उकडून ठेवायचो.”

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला त्यांनीही बदक नको म्हटलं होतं. त्यावर आई रागावली होती. मी रांधलंय ते तुम्ही पोटभर खायचं, असं तिने बजावलं होतं.

त्यांचे डोळे भरून आले. मुलीने हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, “आजोबा, डिड शी गिव्ह देम नेम्स?”

“होती ना, सगळ्यांना नावं होती,” पप्पा म्हणाले आणि एकेक आठवून सांगू लागले. एका बदकाला आईने त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव दिलं होतं. ते सांगताना त्यांना हसू आवरेना. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

मालकिणीने आणखी एक पळी रस्सा ओतला. पप्पांनी दोन्ही हातांनी वाडगा उचलून तोंडाला लावला.

पप्पांचा व्हिसा संपेपर्यंत दर शनिवारी आम्ही तिघं तिथे जात होतो. पप्पा वाडगा संपवायचे, आणि मुलगी तोडक्यामोडक्या मराठीत आजीबद्दल विचारत राहायची.