झाकलेले कान

नव्या हेडफोनच्या मऊ गाद्यांचा वास आला की आमचं कळंबोलीचं घर आठवतं. बाहेर दिवसभर लोखंड उतरवल्याचा खणखणाट, आणि मला घरी बसून मुलाखती ऐकून टाइप करायच्या असत. कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवे होते, पण पाय मोडून पडलेल्या सासूबाईंची हाक ऐकू येणार नाही, म्हणून मी बाहेरचा आवाज आत येऊ देणारेच घेणार होते. "झाकणारेच घे. टेबल माझ्याकडं फिरव, काय लागलं तर मी हात वर करीन," त्या म्हणाल्या. पहिल्याच दुपारी हात वर झाला. हेडफोन काढून मी धावले. "मला काय नको गो," त्या म्हणाल्या, "तू सकाळपासून पाणी नाय प्यायलीस." त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काम करताना मान अजून वर होते.