फळ्यावरची लहान अक्षरं

"ह्याची स्मॉलमध्ये. स्कॉलरशिपवाला आहे." साहेबांनी फळ्यावर माझी तीन अक्षरं लिहिली नि हात झटकले. खोलीतले बाकीचे चौघे प्रोग्रामर हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच. एवढा मी हुशार.

स्कॉलरशिप कुठल्या वस्तीतल्या पोरांना मिळते, ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पिंपरीतल्या एका कंपनीची कॉम्प्युटरची खोली. आणीबाणी नुकती उठलेली. साहेबांचा नियम होता: प्रोग्रामच्या नावाआधी, तो लिहिणाऱ्याची इंग्रजी आद्याक्षरं. कोणाची कुठली, ते फळ्यावर. त्या चौघांची कॅपिटल. माझी त्यांच्या पायाशी, स्मॉल.

डबा ते एकत्र खायचे. मी बाहेर, एसीच्या मागं, जिथं तो गरम हवा फेकतो तिथं. भाकरी तेवढी ऊन राहायची.

घरी सांगणार काय? आईनं अख्ख्या चाळीत पेढे वाटलेले.

"काम काय असतं रं तुला?"

"गार हवेत बसायचं."

"मग स्वेटर घालत जा."

घालायचो.

सुट्या भागांच्या साठ्याचा प्रोग्राम मी एकट्यानं लिहिला. चालला. छापायच्या मशीनमधून कागद खडखडत बाहेर आला. मशीनला स्मॉल अक्षरं येतच नव्हती. रोज बघत होतो की. पण त्या दिवशी कागदाच्या माथ्यावर माझी तीन अक्षरं होती. साहेबांच्या अक्षरांएवढीच उंच. कागद धरून बसलो. दाखवायला कोणी नव्हतं.

साहेब आले. "छान. आता तुझी अक्षरं काढ, माझी टाक. वर दाखवायचंय."



"नाही काढणार, साहेब."

"काय?"

"ज्यानं लिहिलं त्याची अक्षरं. नियम तुमचाच आहे."

कोणी हसलं नाही. मीही नाही. पहिल्यांदाच.

उठलो. फळ्यावरची माझी स्मॉल अक्षरं तळहातानं पुसली, कॅपिटल लिहिली. शूर वगैरे काही नाही. तिसरं अक्षर वाकडं आलं.

साहेबांनी प्रोग्राममधली अक्षरं दुसऱ्याकडून बदलून घेतली. मी पुन्हा घातली. फळ्यावर सकाळी पुन्हा स्मॉल. मी पुन्हा पुसलं. चौघांनी बोलणं टाकलं. दिवसभर फक्त मशीनचा आवाज. पुसत राहिलो.

आता घरातल्या भांड्याभांड्यावर मी तीच तीन अक्षरं कोरून घेतो. ठसठशीत, कॅपिटल. पोरं वैतागतात, "बाबा, चमचे तरी सोडा!"

चमचाही सोडणार नाही.