कामाडोवरच्या तीन टर्क्या

किस्से गोळा करावे लागतात, हा एक गैरसमज आहे. पाच मराठी कुटुंबं, एक अवाढव्य पक्षी आणि दर नाताळला तीच हौस, एवढं असलं की ते आपोआप साचतात. आमच्या कॉव्हेंट्रीच्या मंडळींकडे तर इतके साचले आहेत की नव्या पाहुण्याला आम्ही आधी किस्से वाढतो, मग सूप!

मुळात कामाडो घेतला तो सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. कामाडो म्हणजे जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची कोळशाची शेगडी. खाली एक झडप, वर एक झडप. हवा जितकी आत सोडाल तितकी आच. झाकण बंद ठेवलं तर ही शेगडी तासन्‌तास एकच तापमान धरून ठेवते. या वाक्यातला ‘झाकण बंद ठेवलं तर’ हा भाग आमच्या मंडळींना आजतागायत पटलेला नाही.

*

पहिल्या वर्षी पाहुणे अकरा होते. प्रत्येक जण कोट न काढता थेट मागच्या बागेत गेला आणि “झालं का बघू?” म्हणत त्यानं झाकण उचललं. आपल्याकडे भाजी शिजताना झाकण उचलून बघणं हा आस्थेचा भाग आहे. कामाडोत मात्र दर वेळी भसकन हवा आत शिरते आणि कोळसे पेटून उठतात.

टर्की बाहेरून कोळशाच्या रंगाची झाली. मी मांडीत सुरी घातली, तर आत गुलाबी.

वैदेही ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ आहे आणि दर नाताळला गाडी हाकत आमच्याकडे येते. तिनं वाकून नीट पाहिलं आणि निदान केलं, “मेधा, थांब. ही अजून शुद्धीवर येऊ शकते!”

*

दुसऱ्या वर्षी मी झाकणावर चिठ्ठी चिकटवली : ‘उघडू नये.’ कुणीही उघडलं नाही. मला कृतकृत्य वाटलं.

दोन तासांनी तापमान पाहिलं, तर साठ अंश. एवढ्यावर टर्की शिजत नाही, फार तर तिला बरं वाटतं!

“सुहास, झडपांना हात लावलास?”

“अगं, पाऊस आला ना! पाणी आत जाईल म्हणून दोन्ही घट्ट लावल्या.”

विस्तव केव्हाच गुदमरून विझला होता. तेवढ्यात शिरीष काळे छत्री घेऊन बागेत आला. शिरीष इंजिनिअर आहे आणि आमच्या मंडळींचा स्वयंघोषित अध्यक्ष. त्यानं गंभीरपणे विचारलं, “हिला साधारण किती शिट्ट्या लागतात?”

त्या नाताळला आम्ही पिठलं-भात खाल्ला. तो उत्कृष्ट झाला होता, हे सगळ्यांनी मला तीन-तीनदा सांगितलं.

*

जानेवारीत शिरीषनं व्हॉट्सॲपवर ठराव मांडला : यापुढे नाताळचं जेवण त्याच्याकडे आणि ते बिर्याणीचं. चार मिनिटांत नऊ अंगठे आले. त्यातला एक सुहासचा होता!

मी सांख्यिकी शिकवते. दोन निरीक्षणांवरून कायमचा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करते. मी लिहिलं, “तिसरी संधी हवी. ती फसली तर टर्की कायमची बंद आणि कामाडो विकून टाकू.”

“आणि यश कशाला म्हणायचं?” शिरीषनं विचारलं. प्रश्न रास्त होता.

“तू स्वतःहून ताट पुढे करशील, त्याला.”

“मान्य!” त्यानं लिहिलं आणि शेजारी बिर्याणीचा फोटो टाकला.

*

ऑक्टोबरपासून मी दर रविवारी कोंबडीवर सराव सुरू केला. वेळ, बाहेरचं तापमान, झडप किती बोटं उघडी, सगळ्याची नोंद.

पलीकडे ब्रेंडा राहते. वय सत्तरीपुढचं, स्वभाव सोशिक. पहिल्या रविवारी धुराचा लोट पाहून ती कुंपणावरून डोकावली, “सगळं ठीक आहे ना, लव्ह?” दुसऱ्या रविवारी तिनं न बोलता दोरीवरचे कपडे काढले. तिसऱ्या रविवारी तिनं दार वाजवलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, “तुझं टाइमटेबल मिळेल का? म्हणजे मी माझ्या चादरी त्याप्रमाणे धुवीन.”

मी तिला प्रिंटआउट दिला. तो तिनं फ्रिजवर लावला. आमच्या घरात त्या कागदाकडे इतक्या आदरानं कुणीही पाहिलेलं नाही!

*

त्याच महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या. एका दुपारी मी कॉलेजातून परतले, तर त्या बागेत स्टुलावर बसलेल्या, बाह्या वर केलेल्या, शेजारी साबणाच्या पाण्याची बादली.

“कसली काजळी धरली होती गं! दिवाळीच्या आधी एवढं तरी नको का घासायला?”

कामाडो आतून पांढराशुभ्र झाला होता. ते सिरॅमिक पाणी शोषून घेतं. आणि पाण्यातलं जे असेल तेही. मी जपून म्हटलं, “आई, हा घासायचा नसतो. तापवला की आपोआप साफ होतो.”

“आपोआप साफ होणारी वस्तू मी आजवर पाहिलेली नाही,” त्या म्हणाल्या.

त्या रविवारी कोंबडीला लिंबाच्या साबणाचा वास होता. सुहास चावत चावत म्हणाला, “फ्रेश लागतेय!”

मग आठ दिवस कामाडो वाळवला, मंद विस्तवावर रिकामा तापवला आणि सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

*

तिसऱ्या नाताळला मी सकाळी साडेदहापासून कामाडोशेजारी खुर्ची टाकून बसले. अंगात दोन कोट, हातात थर्मामीटरची स्क्रीन, टर्कीच्या मांडीत त्याची सुई.

शिरीष तीनदा आला. “फक्त एक फट! डोळ्यानं बघितल्याशिवाय कळणार कसं?”

“थर्मामीटरला कळतंय.”

“त्याला काय कळतंय!”

वैदेही चहाचे मग घेऊन येत होती. ती म्हणाली, “शिरीष, मी रोज मॉनिटर बघून माणसं सांभाळते. उघडून बघायचं काम सर्जनचं. तुझ्याकडे डिग्री आहे?”

शिरीष आत गेला.

*

पावणेदोनला स्क्रीनवर अपेक्षित आकडा आला. टर्की उतरवली, अर्धा तास झाकून ठेवली आणि टेबलावर आणली. त्वचा तांबूस, कुरकुरीत. सुरी लावताच मांडीतून स्वच्छ रस ओघळला. सगळे टेबलाभोवती सरसावले!

तेवढ्यात शिरीषचा फोन वाजला. पुण्याच्या आत्यानं दत्तगुरूंचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘शुभ गुरुवार.’

त्याचा चेहरा पडला. “अरे! आज गुरुवार आहे. मी गुरुवारी खात नाही.”

“आम्हीही नाही,” आणखी चार आवाज आले.

माझ्या तक्त्यात चौदा रकाने होते. वार कुठेच नव्हता.

मी सासूबाईंकडे वळले. त्या चाळीस वर्षं गुरुवार पाळतात. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. मला वाटलं, टर्कीसाठी पोट राखताहेत.

“आई, तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस का?”

त्यांनी टर्कीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या दोन कोटांकडे.

“सुहास, पुण्यात किती वाजले?”

“पावणेआठ.”

“सूर्य मावळून गेला. माझा उपास सुटला. मेधा, तंगडी वाढ.”

“अहो काकू,” शिरीष कळवळून म्हणाला, “पण आपण कॉव्हेंट्रीत आहोत!”

“मी सहा महिन्यांच्या व्हिसावर आहे. माझा गुरुवार पुण्याचा. तुमच्याकडे इथले पासपोर्ट आहेत, तुमचं तुम्ही बघा.”

त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि लगेच दुसरा घास तोडला.

 शिरीषनं फोन उचलला, बराच वेळ काहीतरी शोधलं, आपल्या ओसीआय कार्डाचा, म्हणजे ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ असल्याच्या दाखल्याचा, फोटो सासूबाईंच्या समोर धरला आणि ताट पुढे केलं.