औटकी आणि सुई

स्पिरिटचा वास आला की मांडी अजून आखडते. सत्तरच्या दशकात, पाथरीला असताना, एका ऑपरेशननंतर माझ्या अंगात पुरुषी हार्मोन तयार होईना. म्हणून त्याचं तेलकट इंजेक्शन दर महिन्याला स्वतःच मांडीत टोचून घ्यावं लागे. सुई जाड, तेल उतरायला वेळ लागे आणि पाय दोन दिवस ठणके. एकदा उकळलेली सिरिंज धरून मी नुसताच घामाघूम बसलो होतो. बायको म्हणाली, “औटकी म्हणा, मोठ्यानं.” हिशेबात मी पक्का, पण साडेतीनचा हा पाढा मात्र कच्चा. “सात औटं... सात औटं...” मी आकड्यातच अडकलो, हात आपला चालत राहिला. “साडेचोवीस! अन् अवो, सुई कवाच गेली की आत!” दर महिन्याला म्हणून म्हणून पुढं औटकी तोंडपाठ झाली. कुठंच अडेना, त्यामुळे सारं लक्ष पुन्हा सुईवरच जाऊ लागलं.