पडवीचा दिवा कोण लावणार

गंगाराम तांडेलाने आख्खी हयात दर्यात होड्या हाकल्या, खलाशांवर गरजला, पण स्वतःसाठी कुणाला हाक मारली नाय. मग अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि मिरकरवाड्यातला हा वाघ पडवीतल्या खाटेला खिळला. बाकी सगळं गिळलं त्याने. पण तिन्हीसांजेला दिव्यासाठी "कोण आहे काय?" म्हणायचं, ते काय त्याच्या घशाखाली उतरेना. बायको येसूबाई मासळी विकायला बाजारात असली, की हा काळोखात बसून राहायचा.

शेजारची रुपाली वायरमनचं काम करते. तिला हे बघवेना. तिने स्मार्ट रिले आणला. काडेपेटीएवढी डबी. दिव्याच्या वायरीत बसवली की दिवा फोनवरून लागतो, आणि फोन काय, डाव्या हातानेही चालतो. पडवीच्या दिव्याला दोन बटणं, एक दाराशी, एक माजघरात. कुठूनही लावा, कुठूनही विझवा. रुपालीने डबी त्या बटणांच्या पुढे, दिव्याच्या अलीकडे जोडली. दिवा लागला. गंगाराम पोरासारखा हसला.

दुसऱ्या सांजेला तो फोनवर बोट घासून दमला. दिवा ढिम्म.

"काढ ते खेळणं," तो बघायला आलेल्या रुपालीवर खेकसला. "काळोखच बरा मला."

"थांबा ओ आजोबा. आजी, तुम्ही बटण बंद केलंत?"

"मग?" बाजारातून परतलेली येसूबाई म्हणाली. "लग्न झाल्यापासून करतंय. उजाडल्यावर दिवा चालू ठेवतात काय कोण?"

रुपालीने कपाळाला हात लावला. बटण बंद, म्हणजे डबीचाच करंट बंद. ती फोनचं काय ऐकणार! आजीची सवय मोडण्यापेक्षा वायर बदललेली बरी. सकाळी येऊन तिने मेन पाडला, डबीला बटणं वगळून थेट फेजची जिवंत वायर दिली, होल्डरातून न्यूट्रलची परतीची वायर ओढली, आणि दोन्ही बटणं डबीच्या इशाऱ्याच्या टोकांना जोडली. आता बटणं करंट तोडणार नाहीत, डबीला फक्त सांगणार.

"चालंल?" गंगारामने तिच्याकडे न बघता विचारलं.

"नाय चालली तर मीच उपटून खाडीत टाकते."

दिवस मावळला. येसूबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पायऱ्यांशी आली. गंगारामने अंगठा दाबला. पडवी उजळली.

"अवो, कोण आलंय घरात?"

"कोण नाय. पायरी बघ, शेवाळ हाय."

ती पायरी जपून वर चढली. मग आत गेली आणि हात सवयीने माजघरातल्या बटणावर पडला. दिवा गेला. गंगारामने परत लावला.

"अवो, बिल येतंय!"

"येऊ दे. तू पाय धू आधी. मग विझवतो मी."