चिलापीचा उपास

बाळंतपणाला माहेरी जाणे जमले नाही, म्हणून आईच जयपूरला आली. बनी पार्कातल्या आमच्या दोन खोल्यांत तुपात फुलणाऱ्या डिंकाचा आणि सुंठीचा वास मुरू लागला.

मला चालणे हवे, म्हणून सकाळी आम्ही तलावावर जात असू. आई उजनीच्या पाण्याकाठी वाढलेली. तिचे वडील जाळे टाकीत. थंडीभर निश्चल असलेला तलावाचा काठ फाल्गुनात सळसळू लागला.

"थंडीत ही चिलापी मासळी खोल पाण्यात बसते. पाणी कोमटलं की काठाला येते," आई म्हणाली. उथळ चिखलात परातीएवढे गोल खड्डे दिसत होते, नरांनी उकरलेले.

कणकेच्या गोळ्या विकणारी बाई म्हणाली, "खिलाओ बिटिया, पुण्य मिलेगा." मी गोळ्या टाकल्या. पाणी उसळले. एक करडी मासोळी मात्र गालफडे फुगवून जागीच राहिली. गोळी तिच्या तोंडासमोरून बुडाली.

"आजारी आहे का गं ही?"

"आजारी कशाची! अंडी आहेत तोंडात. पिलं पोहायला लागेपर्यंत घास घेत नाही."

"आणि भूक?"

"भुकेचं काय एवढं!" आई हसली.

घरी ती मला गरम भाकरीवर तूप वाढी आणि स्वतः कोमट दुधाची वाटी घेऊन बसे. आज सोमवार, उद्या चतुर्थी, परवा आणखी काही.

"आई, तुझ्या पंचांगात जेवायचा वार कोणता?"

"तू सुखरूप मोकळी हो. मग बसते ताटावर."

उपासाची खिचडीसुद्धा तिच्या बशीत तशीच वाळून जाई. मी ती उचलून ठेवत असे. विचारले कधीच नाही.

मुलगी झाली. बारशाचे पेढे वाटून झाल्यावर, पाळण्याची दोरी हातात धरूनच, आई म्हणाली, "दिवाळीपासून घास उतरत नाही गं."

डॉक्टरांनी अन्ननलिकेतली गाठ दाखवली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?"

आषाढ लागण्याआधीच आई गेली.

आता फाल्गुनात मी मुलीला घेऊन तलावावर जाते. कणकेचा ओलसर, आंबूस वास तिच्या तळहाताला लागतो. परवा अशीच एक मासोळी काठाशी गप्प उभी होती.

"मम्मा, ही खात का नाही?"

खरे सांगायला मी तोंड उघडले.

"उपास आहे तिचा," म्हणाले.