पुंजानानांची शेवंती

आमच्या शेजारचे पुंजानाना तीस वर्षं एका कांदा व्यापाऱ्याकडे खरेदीला आहेत. लिलावात ट्रॉलीतला एक कांदा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, हुंगायचा आणि अख्ख्या ट्रॉलीचं भविष्य सांगायचं, हे त्यांचं काम. त्यात ते कधी चुकत नाहीत. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू हा मुळात कांदाच आहे, अशी त्यांची ठाम समजूत झाली आहे. पेढे ते दाबून घेतात, बनियन हुंगून घेतात. एकदा डॉक्टर त्यांचं पोट दाबायला लागले, तर "माल चांगला हाय" असं यांनीच डॉक्टरांना सांगून टाकलं.

लेक योगिनीला सिन्नरचं स्थळ आलं, तेव्हा शिक्षण-पगार वगैरे किरकोळ चौकश्या नानांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी केल्या. नानांनी नवऱ्या मुलाला, म्हणजे अमोलला, उभं करून मागून-पुढून न्याहाळलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला, "मान बारीक हाय. टिकंल." बारीक मानेचा कांदा साठवणीत सडत नाही. लग्न ठरलं.

योगिनी गुणाची पोर. घोडा नको म्हणाली, फोटोवाल्यांची फौज नको म्हणाली. मागितलं एकच. "नाना, स्टेज सगळं पांढऱ्या फुलांचं हवं."

नानांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. डेकोरेशनवाल्यानं चाळीस हजार सांगितले आणि हात छातीवरच राहिला. फुलांसाठी नानांकडे होते पाच.

"फुलं आपण आणू, आपणच बांधू," नाना म्हणाले. लग्न रविवारी होतं. सोमवारी पहाटे नाना, सिंधुबाई आणि मी फूलबाजारात रहेमानभाईंच्या गाळ्यावर हजर.

नानांनी पांढऱ्या शेवंतीचं एक फूल उचललं आणि दाबलं.

"नाना, फूल आहे ते! दाबू नका!" रहेमानभाई ओरडले.

"जरा पोकळ लागतंय."

"फूल पोकळच असतं!"

"क्रेट पालथा करा. वर चांगला माल अन् खाली बारीक चिंगळी, हे आमाला ठाऊक हाय."

रहेमानभाईंनी हताश होऊन क्रेट ओतला. नानांनी जमिनीवर बसून मोठी, मध्यम, बारीक अशी शेवंतीची प्रतवारी केली. बघायला गर्दी जमली. एका गिऱ्हाइकानं तर बारीकचा भाव विचारला.

त्या दिवशी भाव पडलेला होता. नानांचे डोळे लकाकले. "आजच उचलायचं! रविवारी लग्नाची तिथी दाट, भाव चढंल."

"नाना, शनिवारी या. फुलं राहणार नाहीत," रहेमानभाई कळवळून म्हणाले.

"राहतील. साठवणीचं मला नका शिकवू."

पन्नास किलो शेवंती गच्चीवर गेली. नानांनी विटांवर बांबू मांडले, त्यावर फुलं पसरली, खालून हवा खेळती ठेवली, वर सावली केली. थेट कांद्याची चाळ! रोज सकाळी ते फुलं वरखाली करायचे. तिसऱ्या दिवशी शेवंती तपकिरी झाली. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी मेलेला उंदीर शोधायला घेतला.

"जावयाला पण चढवा तिथंच," सिंधुबाई कडाडल्या. "बघू किती टिकतोय!"

योगिनी वर आली. फुलांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असू द्या, नाना. पांढरा पडदा लावू." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. शुक्रवारी सकाळी कुणाला न सांगता देवळ्याला थोरल्या बहिणीकडे निघून गेले.

कुसाबाई रानात कांद्याला शिव्या घालत होत्या. अर्ध्या कांद्याला डेंगळे आले होते. कांद्यानं पोसायचं सोडून मधूनच दांडा काढला आणि वर फुलाचा चेंडू धरला की तो डेंगळा. तो कांदा वाया जातो. मोडायचा आणि बांधावर फेकायचा.

"आलास का पुंज्या? मोड चल. रडायचं तर मोडता मोडता रड."

नानांनी एक डेंगळा मोडला. टपोरा, गोल, पांढराशुभ्र. त्यांनी तो दाबला, हुंगला आणि बांधावरच उडी मारली.

"आक्का, फेकू नको! गाडी बोलाव!"

शनिवारी संध्याकाळी पिकअपभर डेंगळे आले. आम्ही सगळ्यांनी बसून ते बांधले. रविवारी स्टेजवर शेकडो पांढरे चेंडू डुलत होते. चार मधमाश्या आल्या. आगंतुक पाहुण्यांत त्याच सर्वांत शिस्तीच्या. वास किंचित कांद्याचा होता, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला भजी आठवत होती आणि मंगलाष्टकं संपायच्या आतच निम्मी मंडळी पंगतीच्या वाटेला लागली होती. अमोलच्या आत्यानं, आशाताईंनी, कौतुकानं विचारलं, "परदेशी दिसतात?"

"देवळ्याची," सिंधुबाई तोऱ्यात म्हणाल्या.

नाना मात्र खांबाआड उभे होते. लेकीच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. अक्षता पडल्या, हार घातले गेले. योगिनीनं इकडेतिकडे पाहून त्यांना शोधलं, शेजारचा एक डेंगळा ओढला, अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाना, माल एक नंबर! टिकंल!"

नाना खांबाला धरून हसत सुटले. योगिनीशेजारी अमोलचा हात नकळत आपल्या मानेवर गेला.